खाडीच्या गाळातले जंतू वाढवायचे कसे आणि त्यांचं रसायन निसटू न देता पकडायचं कसं: ठाणे-नवी मुंबईतल्या पोरांसाठी सगळी प्रोसेस

एमएस्सी मायक्रो किंवा बायोटेकच्या प्रोजेक्टचा विषय ठरवायची वेळ आली की आपल्याकडे बऱ्याच जणांना एकच गोष्ट सुचते, ऐरोली नाहीतर वाशीच्या खाडीचा चिखल आणायचा, प्लेटवर पसरवायचा, जी कॉलनी दुसऱ्या जंतूला मारेल तिचा फोटो काढायचा आणि थिसिसमध्ये लिहायचं की अँटिबायोटिक मिळालं. विषय वाईट नाहीये, उलट फार चांगला आहे, पण बहुतेक प्रोजेक्ट त्या फोटोवरच अडकतात, कारण जंतू वाढवण्यावर सगळी शक्ती जाते आणि त्याने बनवलेलं रसायन पकडायचं कसं याचा विचार शेवटच्या महिन्यात सुरू होतो. तोपर्यंत ते रसायन पाण्यात तुटलेलं असतं, पेशीत अडकलेलं असतं, नाहीतर मीडियाच्या (जंतूंच्या खाद्याच्या) कचऱ्यात इतकं मिसळलेलं असतं की ओळखू येत नाही. म्हणून या लेखात रसायन पकडण्यावर जास्त बोलणार आहे. जंतू कसे वाढवायचे तेही सांगतो, पण तो भाग तुमच्या लॅबमधल्या सिनिअरलाही माहीत असतो.

खाडीच का, असं कोणी विचारलं तर दोन गोष्टी सांगा. १९४५ मध्ये इटलीत सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहरात ज्युसेप्पे ब्रोत्झूंनी समुद्रात सांडपाणी सोडतात तिथलं पाणी तपासलं आणि त्यात त्यांना एक बुरशी मिळाली, पुढे त्यातूनच सेफॅलोस्पोरिन अँटिबायोटिकं आली. आणि दुसरी, अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतल्या विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन यांच्या टीमला समुद्राच्या तळाच्या गाळात सॅलिनिस्पोरा नावाचा अ‍ॅक्टिनोमायसीट (बुरशीसारखे धागे काढणारा बॅक्टेरिया) मिळाला, त्यातून २००३ साली सॅलिनोस्पोरामाइड ए हे रसायन जाहीर झालं, जे मॅरिझोमिब या नावाने मेंदूच्या कॅन्सरसाठी क्लिनिकल ट्रायलपर्यंत गेलं. हा सॅलिनिस्पोरा समुद्राच्या पाण्याशिवाय वाढतच नाही, म्हणजे नेहमीच्या न्यूट्रिएंट अगरवर (जंतू वाढवायच्या जेलीवर) तो कोणालाच दिसला नसता.

आधी परवानगी, मग गमबूट

ठाणे खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जाही मिळालाय. अभयारण्यातून चिखलाची एक ट्यूब उचलायची तरी वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि अभयारण्याच्या बाहेरची तिवरं सुद्धा बऱ्याच ठिकाणी राखीव वन आहेत, त्यामुळे कॉलेजच्या लेटरहेडवर, गाइडच्या सहीने, कुठून किती ग्रॅम आणि कशासाठी हे लिहून वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडे (मॅन्ग्रोव्ह सेल) अर्ज करा. याला वेळ लागतो, म्हणून विषय पक्का झाला की त्याच आठवड्यात अर्ज टाकायचा. परदेशातल्या लॅबबरोबर काम असेल किंवा सँपल, कल्चर बाहेर पाठवायचं असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो आणि राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी घ्यावी लागते. पेटंटचा विचार डोक्यात असेल तर हे गाइडशी पहिल्याच मीटिंगमध्ये बोलून घ्या.

खाडीत एकटं उतरायचं नाही. चिखल गुडघ्यापर्यंत आणि काही ठिकाणी त्याच्याही वर जातो, आणि भरती सुरू झाली की पाणी मागून कधी येतं ते कळत नाही. दिवाळे, सारसोळे, चेंदणी, वाशीगाव, जिथे ओळख निघेल तिथल्या कोळीवाड्यातल्या एखाद्या काकांना विनंती करा, त्यांना भरती-सुकतीची वेळ तोंडपाठ असते आणि कुठला चिखल पाय धरतो तेही. उधाणाच्या दिवसांत ओहोटीला सगळ्यात जास्त किनारा उघडा पडतो, सँपलिंग तेव्हाच. पायाला जखम असेल तर त्या दिवशी जाऊच नका, कोमट खाऱ्या पाण्यात जखमेत शिरणारे व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात आणि कालवांच्या कवचांनी पाय कापणं ही तिथली रोजची गोष्ट आहे. हातात जाड ग्लोव्ह्ज, पायात गमबूट.

गाळ कुठला घ्यायचा? वरचा तपकिरी थर, फार तर २ ते ५ सेंटीमीटर. त्याच्या खाली काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा गाळ असतो, तिथे ऑक्सिजन नसतो आणि आपल्याला हवे असलेले अ‍ॅक्टिनोमायसीट बहुतेक हवा लागणारे. तिवराच्या मुळांजवळचा गाळ चांगला. स्टराइल स्पॅच्युलाने ५० मिलीच्या ट्यूबमध्ये भरायचा, बर्फाच्या डब्यात ठेवायचा आणि शक्यतो त्याच दिवशी लॅबमध्ये लावायचा. जागेवरच तापमान, पीएच आणि खारटपणा मोजून वहीत लिहा. खारटपणासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर पुरतो. हा आकडा खरंच महत्त्वाचा आहे कारण मोकळ्या समुद्रात हजारी ३५ च्या आसपास मीठ असतं, खाडीच्या आतल्या टोकाला पावसाळ्यात ते खूप खाली येतं आणि मीडिया त्याप्रमाणे बनवावा लागतो.

परवानगी येईपर्यंत हात बसवायचा असेल तर जेट्टीवर लागलेल्या होडीच्या नांगराला चिकटलेला चिखल विचारून घ्या. तो नक्की कुठला ते सांगता येत नाही म्हणून थिसिसमध्ये चालणार नाही, पण प्रॅक्टिसला उत्तम.

मीडिया: उपाशी ठेवा

इथे नवीन मुलं हमखास एक गोष्ट करतात, भरपूर खाऊ असलेला मीडिया घेतात. मग दोन दिवसांत बॅसिलस आणि स्यूडोमोनास सगळी प्लेट खाऊन टाकतात आणि हळू वाढणाऱ्यांना जागाच राहत नाही. आपल्याला हळूवालेच हवेत. म्हणून स्टार्च केसीन अगर घ्या, लिटरला स्टार्च १० ग्रॅम, केसीन ०.३ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट २ ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट २ ग्रॅम, चिमूटभर मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम कार्बोनेट आणि फेरस सल्फेट, अगर १८ ग्रॅम, पीएच ७ ते ७.२. मूळ कृतीत साधं मीठ २ ग्रॅम असतं, आपण त्याच्याऐवजी समुद्राचं पाणी घेणार. तुलनेला झोबेल मरीन अगर २२१६ सुद्धा ठेवा, त्यावर सगळे बॅक्टेरिया किती येतात त्याचा अंदाज येतो. दोन्ही तयार पावडर मिळतात, आणि हायमीडिया तर आपल्या वागळे इस्टेटमधलीच, कुरिअरची वाट बघायला नको.

समुद्राचं पाणी म्हणजे खाडीचं पाणी नव्हे, हे नीट लक्षात घ्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आणि दोन्ही बाजूच्या शहरांचं सांडपाणी त्यात येतं. त्या पाण्यात मीडिया बनवला तर तेल, डिटर्जंट, औषधांचे अंश सगळं तुमच्या फ्लास्कमध्ये, आणि नंतर मास स्पेक्ट्रोमीटर (रेणूंचं वजन मोजणारं यंत्र) तेच दाखवणार. त्यापेक्षा अ‍ॅक्वेरियमवाले वापरतात ते सी सॉल्ट आणा, क्रॉफर्ड मार्केटला मिळतं, डिस्टिल्ड वॉटरमध्ये लिटरला ३३ ते ३५ ग्रॅम. खाडीच्या आतल्या सँपलसाठी त्याचं निम्मं किंवा पाऊण करून एक सेट लावा. फॉस्फेट मात्र वेगळं ऑटोक्लेव्ह करून थंड झाल्यावर घालायचं, नाहीतर कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर पांढरा साका बसतो आणि मग कॉलनी कुठली, साका कुठला तेच कळत नाही.

बुरशी थांबवायला सायक्लोहेक्झिमाइड मिलीला ५० ते १०० मायक्रोग्रॅम, आणि जलद वाढणाऱ्या ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना आवरायला नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड २० ते २५. सायक्लोहेक्झिमाइड माणसालाही विषारी आहे, वजन करताना ग्लोव्ह्ज आणि मास्क पाहिजेच.

प्लेट लावायची आणि विसरायची

गाळाला दोन वेगळे उपचार द्या. एक भाग लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) रात्रभर सुकवायचा, खलबत्त्यात बारीक करायचा, स्टराइल फोमच्या बोळ्याने टिपायचा आणि अगरवर एकामागून एक ठसे मारत जायचे, पहिल्या ठशात गर्दी, शेवटच्यात मोजके जंतू. सुकवल्यामुळे नाजूक बॅक्टेरिया मरतात आणि बीजाणूवाले टिकतात. दुसरा भाग स्टराइल समुद्राच्या पाण्यात १ ला १० करून ५५ ते ६० अंशांवर ६ ते १० मिनिटं ठेवायचा, मग हजारपट ते दहा हजारपट पातळ करून प्लेटला १०० मायक्रोलिटर. २८ अंशांवर ठेवायचं.

आणि आता खरी परीक्षा, थांबायचं. तिसऱ्या दिवशी जे दिसतं ते बहुतेक बॅसिलस असतं, त्याच्यावर मार्करने खूण करून सोडून द्या. आपल्या कामाचे सातव्या दिवसापासून दिसायला लागतात आणि काही तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, बारीक, चामड्यासारखे, अगरमध्ये रुतलेले, लूपने ओढले तर अख्खे निघणारे, काहींवर पांढरी-करडी पावडर. प्लेट एवढे दिवस सुकू नये म्हणून पॅराफिल्म लावा आणि डब्यात ओला कापूस ठेवा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उलटाच प्रॉब्लेम, दमटपणामुळे झाकणावर पाणी जमतं, ते टपकलं की कॉलन्या पसरतात, आणि एसीच्या झोतातून काळी बुरशी येते ती वेगळीच. प्लेट उलट्या ठेवा आणि ओतल्यावर एक दिवस सुकवून मगच वापरा. पहिल्या पावसासारखा मातीचा वास येतो तो जिओस्मिनचा, स्ट्रेप्टोमायसिसची ओळख, पण नाक प्लेटला लावून वास घेऊ नका, झाकण उघडताना आपोआप येतो तेवढा पुरे.

प्रत्येक वेगळी दिसणारी कॉलनी शुद्ध करून २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० ला टाका, नसेल तर उणे २० ला. हे कॉलनी शुद्ध झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, नंतर नाही. अ‍ॅक्टिनोमायसीट पुन्हा-पुन्हा प्लेटवर घेत राहिलात तर काही स्ट्रेन (जंतूचे वाण) रसायन बनवणं सोडून देतात, आणि मग मूळ स्टॉक नसेल तर काही करता येत नाही.

ज्यांना प्लेटवर येणारच नाहीत असे जंतू हवेत त्यांच्यासाठी डिफ्युजन चेंबर आहे. समुद्रातले बहुतेक जंतू आपल्या प्लेटवर वाढत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात त्यातले एक टक्काही नाहीत, याला स्टेली आणि कोनोप्का यांनी १९८५ मध्ये नाव दिलं होतं, ग्रेट प्लेट काउंट अनॉमली. २००२ मध्ये एपस्टीन आणि लुईस यांच्या टीमने किनाऱ्यावरच्या गाळातले जंतू दोन पातळ पडद्यांच्या मध्ये अगरमध्ये ठेवून परत गाळावरच ठेवले, पडद्याची छिद्रं इतकी बारीक की जंतू अडतात पण अन्न आणि शेजाऱ्यांची रसायनं आत येतात. त्यातूनच पुढे आयचिप (अशाच अनेक बारीक कप्प्यांची पट्टी) निघाली आणि २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन, ते मात्र मातीतल्या जंतूचं. आपल्याला स्टीलचा वॉशर, पॉलिकार्बोनेट मेंब्रेन आणि सिलिकॉन ग्लू एवढ्यात हे करता येतं, लॅबमध्ये टबात खाडीचा गाळ आणि पाणी ठेवून त्यात पुरायचं. कटकटीचं काम आहे, पहिल्या प्रोजेक्टला मी सुचवणार नाही.

फ्लास्कमध्ये वाढवणं

आता ज्या १०-१२ स्ट्रेन इंटरेस्टिंग वाटतात त्या द्रव मीडियात. स्क्रिप्सवाल्यांचा ए-वन मीडिया साधा आणि चांगला आहे, लिटरला स्टार्च १० ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ४, पेप्टोन २, समुद्राच्या पाण्यात. त्यात कॅल्शियम कार्बोनेट १ ग्रॅम, फेरिक सल्फेट ४० मिलिग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड १०० मिलिग्रॅम घातलं तर अजून चांगलं, कारण समुद्रातले जंतू रेणूंमध्ये क्लोरीन-ब्रोमीन लावायला तरबेज असतात, कच्चा माल दिलाच नाही तर लावणार काय. सॅलिनोस्पोरामाइड ए मध्ये सुद्धा क्लोरीन आहे.

आधी १२५ मिलीच्या फ्लास्कमध्ये २५ मिली सीड (विरजणासारखं सुरुवातीचं कल्चर), ३ ते ५ दिवस. मग १ लिटरच्या फ्लास्कमध्ये २०० मिली, त्यात सीड ५ टक्के, २८ अंश, १८० आरपीएम. फ्लास्क कधीही पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त भरू नका, हवा मिळत नाही. स्टीलची स्प्रिंग टाकली तर मायसेलियमचे (जंतूच्या धाग्यांचे) गोळे होत नाहीत. शेकरला यूपीएस असेल तर बघा, रात्री लाइट गेली आणि शेकर सकाळपर्यंत बंद राहिला तर तो फ्लास्क बाकीच्यांशी तुलना करण्याच्या लायकीचा राहत नाही. प्रत्येक स्ट्रेनचे तीन फ्लास्क, आणि त्यांच्याबरोबर एक बिनजंतूचा फ्लास्क, याच्यावर पुढे बोलतो.

एकाच मीडियावर नाराज होऊ नका. तोच जंतू मीठ बदललं, स्टार्चऐवजी मॅनिटॉल दिलं, शेजारी दुसरा जंतू ठेवला की वेगळं काहीतरी बनवतो, याला ऑस्मॅक म्हणतात, एक स्ट्रेन अनेक संयुगं. तीन मीडियांत चार स्ट्रेन हे एका मीडियात बारा स्ट्रेनपेक्षा बऱ्याचदा जास्त देतात, निदान माझा कल तिकडे आहे.

पकडायचं: रेझिन

दुय्यम संयुगं (वाढीला न लागणारी, अँटिबायोटिकसारखी रसायनं) वाढ थांबायला आली की बनतात, पाचव्या-सहाव्या दिवसापासून पुढे. बनली की ती पाण्यात येतात आणि तिथे त्यांचे हाल सुरू होतात. काही पाण्याने तुटतात, काही तोच जंतू परत खातो, आणि काही तर जंतूलाच जड जातात म्हणून तो बनवणंच थांबवतो. सॅलिनोस्पोरामाइडमध्ये बीटा-लॅक्टोन नावाचं कडं असतं जे पाण्यात हळूहळू उघडतं आणि मग औषध म्हणून त्याचा उपयोग संपतो. सातव्या दिवशी फ्लास्क उतरवून मग इथाइल अ‍ॅसिटेट ओतायची जी आपली सवय आहे ती अशा रेणूंसाठी उशिराची आहे.

यावर उपाय म्हणजे पाण्यात रेझिनचे मणी टाकून ठेवायचे, डायआयॉन एचपी-२० किंवा अँबरलाइट एक्सएडी-१६. हे पॉलिस्टायरीनचे सच्छिद्र मणी, पाणी आणि मीठ त्यांना नको असतं, तेलकट स्वभावाचे रेणू मात्र पृष्ठभागावर धरून ठेवतात. जे तयार होईल ते लगेच मण्यावर जातं, पाण्यात तुटत नाही, जंतूला त्रास नाही, म्हणून तो अजून बनवतो. एक्सएडी-७ थोडं जास्त ध्रुवीय रेणू घेतं. साखरेसारखे किंवा अमिनो अ‍ॅसिडसारखे फार पाणीप्रेमी रेणू यातल्या कुठल्याच मण्यावर नीट बसत नाहीत, ते हवे असतील तर रस्ता वेगळा.

रेझिन बाटलीतून काढून थेट टाकायचं नाही. रात्रभर मेथेनॉलमध्ये भिजवा, ओता, परत मेथेनॉल, मग डिस्टिल्ड वॉटरने मेथेनॉल पूर्ण जाईपर्यंत धुवा, आणि इथून पुढे मणी कोरडे पडू द्यायचे नाहीत, नाहीतर छिद्रांत हवा बसते आणि पाणी आत जात नाही. पाण्यात बुडालेलं रेझिन १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह होतं, काही बिघडत नाही. प्रमाण लिटरला २० ग्रॅम, म्हणजे आपल्या २०० मिलीला ४ ग्रॅम.

कधी टाकायचं यात दोन मतं आहेत. पहिल्या दिवशी टाकलं तर रेझिन मीडियातलं अन्न आणि जंतूंचे आपसातले इशारे पण पकडतं, वाढ मंदावू शकते. शेवटच्या दिवशी दोन तास टाकलं तर नाजूक रेणू आधीच गेलेले. मी म्हणेन दोन्ही करा, फ्लास्कच्या एका सेटमध्ये तिसऱ्या दिवशी आणि एकात शेवटच्या दोन तासांत, आणि दोन्हीचे एक्स्ट्रॅक्ट शेजारी-शेजारी चालवा. जो पीक (यंत्राच्या आलेखातलं टोक, म्हणजे एक रेणू) तिसऱ्या दिवसवाल्यात आहे आणि शेवटच्यात नाही किंवा बारीक आहे तो नाजूक रेणू, आणि अशा रेणूंकडेच आधीच्या लोकांचं दुर्लक्ष झालेलं असण्याची शक्यता जास्त.

मणी मोकळे टाकले तर मायसेलियम त्यांच्यात गुंततं. बारीक नायलॉन जाळीची चहाच्या पिशवीसारखी पुडी शिवून त्यात मणी भरले तर नुसती पुडी उचलायची. मणी साधारण पाव ते पाऊण मिलिमीटरचे असतात, जाळी १०० मायक्रॉनची पुरते. शिवायला नायलॉनचाच दोरा घ्या आणि पुडी आधी अ‍ॅसिटोनने धुऊन घ्या.

अशीच पुडी थेट समुद्रात सोडायची पद्धत पण आहे. न्यूझीलंडमध्ये २००४ पासून शिंपल्यांत उतरणारी शैवालाची विषं ओळखायला एचपी-२० च्या पिशव्या पाण्यात लटकवतात, आणि जेन्सन यांच्या लॅबने अलीकडे सॅन डिएगोजवळ समुद्री गवतात पिशव्या ठेवून, जंतू न वाढवताच, नवे रेणू पकडले. वाचायला भारी वाटतं. पण ठाणे खाडीत पुडी टाकली तर पहिलं काय पकडलं जाईल? डिझेल, प्लास्टिसायझर आणि गोळ्यांचे अंश. प्रदूषणावर प्रोजेक्ट असेल तर झकास, जंतूंच्या रसायनासाठी मात्र इथे फ्लास्कच बरा.

मण्यावरून बाटलीत

पुडी काढली की डिस्टिल्ड वॉटरने नीट धुवा, दोन-तीनदा. हे समुद्राचं मीठ काढण्यासाठी आहे, मीठ राहिलं तर वजन खोटं येतं आणि मास स्पेक्ट्रोमीटरला सिग्नल दाबला जातो. मग पुडी ५० मिली अ‍ॅसिटोनमध्ये तासभर हलवत ठेवा, अ‍ॅसिटोन काढून घ्या, परत एकदा. पेशींचा गाळ वेगळा सेंट्रिफ्यूज करून त्यालाही अ‍ॅसिटोन, कारण कित्येक रेणू पेशीतून बाहेर येतच नाहीत. रोटाव्हॅपवर (कमी दाबात सॉल्व्हंट उडवणारं यंत्र) ४० अंशांच्या आत अ‍ॅसिटोन उडवा, जे पाणी उरतं त्याला तेवढ्याच इथाइल अ‍ॅसिटेटने तीनदा हलवा, वरचा थर घ्या, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा, आटवा, आधी वजन केलेल्या काचेच्या व्हायलमध्ये ठेवा. २०० मिलीतून १०-२० मिलिग्रॅम मिळालं तरी ठीक आहे, टेस्टिंगला पुरतं.

काच, काच आणि फक्त काच. सॉल्व्हंट प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये, प्लास्टिक पिपेटने, पॅराफिल्म लावून ठेवलं की प्लास्टिकच विरघळून येतं. आणि अ‍ॅसिटोन-इथाइल अ‍ॅसिटेटच्या खोलीत बर्नर नको, इथाइल अ‍ॅसिटेटची वाफ शून्याखालच्या तापमानाला सुद्धा पेट घेते. हे सगळं फ्युमहूडमध्ये, घरी गॅलरीत वगैरे करायचा विचार सुद्धा नको. खाडीचे जंतू सांडपाण्यातले असतात, अँटिबायोटिकला दाद न देणारे पण त्यात असतात, ते घरात वाढवायची वस्तू नाही. कल्चरचा कचरा ऑटोक्लेव्ह करूनच फेकायचा आणि वापरलेलं सॉल्व्हंट सिंकमध्ये नाही, बाटलीत जमवून कॉलेजमार्फत तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या सोयीत.

ब्लँक, ज्याला सगळे विसरतात

तो बिनजंतूचा फ्लास्क आठवतोय ना. त्यात तोच मीडिया, तेच रेझिन, तीच जाळी, तेवढेच दिवस शेकरवर, तेच सॉल्व्हंट. शेवटी त्याचाही एक्स्ट्रॅक्ट. याच्याशिवाय तुमचा एकही पीक मी मान्य करणार नाही, आणि चांगला परीक्षकही करणार नाही.

एलसी-एमएसमध्ये (रेणू वेगळे करून त्यांचं वजन मोजणारं यंत्र) ३९१.२८ वजनाचा पीक दिसला, नाचायला लागू नका, तो डीईएचपी, प्लास्टिक मऊ करणारा थॅलेट. २७९.१६ म्हणजे डायब्युटाइल थॅलेट. ३३८.३४ म्हणजे एरुकामाइड, प्लास्टिकच्या ट्यूबमधून येतं. ४४ च्या अंतराने शिडीसारखे पीक म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल, बहुतेक डिटर्जंट. २११.१४ आणि २४५.१३ जरा फसवे आहेत, ते सायक्लो ल्युसिन-प्रोलिन आणि फिनाइलअ‍ॅलनिन-प्रोलिन, जंतू बनवतात हे खरं, पण पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट ऑटोक्लेव्ह केलं तरी तेच तयार होतात. ब्लँकमध्ये तेवढेच असतील तर तुमच्या जंतूचं श्रेय शून्य.

मारतं का, आणि नवीन आहे का

डिस्कची पद्धत सगळ्यांना येते, ६ मिमी डिस्क, म्युलर-हिंटन अगर, बॅसिलस सबटिलिस आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२, सोय असेल तर स्टॅफिलोकोकस. डिस्कवरचं सॉल्व्हंट पूर्ण उडू द्या, आणि ब्लँकच्या एक्स्ट्रॅक्टची डिस्क त्याच प्लेटवर ठेवा. झोनचा व्यास मोठा म्हणजे औषध जास्त ताकदवान असं नसतं, रेणू अगरमध्ये किती पसरतो यावर ते असतं, तेलकट रेणू जागचा हलत नाही आणि लहान झोन देतो. ताकद पाहायची तर एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारं किमान प्रमाण) काढा.

टीएलसी (सिलिकाच्या पातळ थरावर रेणू वेगळे करणं) स्वस्त आणि पटकन, सिलिका एफ-२५४, डायक्लोरोमिथेन-मेथेनॉल ९५:५ पासून सुरुवात, २५४ आणि ३६६ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली बघा, मग अ‍ॅनिसाल्डिहाइडचा स्प्रे. दुसरी तशीच प्लेट घेऊन तिच्यावर बॅसिलसवालं मऊ अगर ओता, दुसऱ्या दिवशी एमटीटी (जिवंत पेशींत जांभळा होणारा रंग) टाकलं की जिथे जंतू मेले तिथे फिका डाग राहतो. कोणता डाग कामाचा ते एका रात्रीत कळतं.

त्यानंतरचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे जुनंच परत शोधत बसू नये हे बघणं, याला डीरेप्लिकेशन म्हणतात. एक्स्ट्रॅक्ट केशरी-पिवळं असेल आणि १२५५.६ चा पीक असेल तर ते अ‍ॅक्टिनोमायसिन डी, स्ट्रेप्टोमायसिसमध्ये ते अगदी नेहमीचं आणि भयंकर विषारी, ग्लोव्ह्ज काढू नका. लाल रंग आणि ३२४.२ म्हणजे प्रोडिजिओसिन. ४६७.२ आणि हिरवट-निळी चमक, स्टॉरोस्पोरिन असू शकतं. एमएस-एमएसचा (रेणू तोडून तुकड्यांची वजनं मोजल्याचा) डेटा असेल तर जीएनपीएस या ऑनलाइन साइटवर फुकट चढवा, तो तुमच्या रेणूंचं नेटवर्क काढून ओळखीचे कुठले ते दाखवतो. जीनोम सीक्वेन्स करायचं बजेट असेल तर अँटिस्मॅश या प्रोग्रॅममध्ये टाका, त्या जंतूकडे संयुगं बनवणाऱ्या जनुकांचे किती गट आहेत ते समजतं आणि सहसा फ्लास्कमध्ये दिसतात त्याच्यापेक्षा खूप जास्त असतात. जंतू कोणता ते ओळखायला १६एस जनुकाचं सीक्वेन्सिंग तर करायचंच, २७एफ आणि १४९२आर प्रायमर, यात विशेष काही नाही.

ओळखीचा नसलेला पीक खरंच उरला, त्याच सेटच्या तीनही फ्लास्कमध्ये आला आणि ब्लँकमध्ये नाही, तरच लिटरने वाढवायचा विचार. एक्स्ट्रॅक्ट सी-१८ कार्ट्रिजवर (तेलकट रेणू धरणारी नळी) २०, ४०, ६०, ८०, १०० टक्के मेथेनॉलने तोडा, कुठल्या भागात मारण्याची ताकद राहते ते बघा, मग एकेक रेणू वेगळा करायला एचपीएलसी. त्याच वेळी कल्चर पुण्याच्या एनसीएमआर किंवा चंदिगडच्या एमटीसीसी या कल्चर-संग्रहाला जमा करायची तयारी सुरू करा, पेपरला तो क्रमांक लागतोच.

एनएमआरसाठी (रेणूची रचना दाखवणारी तपासणी) पवईला आयआयटीमध्ये सैफ या यंत्रकेंद्राची सोय बाहेरच्यांनाही आहे, ऐरोलीहून जाऊन यायला अर्धा दिवस. निदान एक-दोन मिलिग्रॅम तरी शुद्ध माल हवा, पाणी आणि जुनं सॉल्व्हंट पूर्ण काढलेला, आणि कुठल्या ड्युटेरेटेड सॉल्व्हंटमध्ये विरघळतो ते आधी थोड्या मालावर साध्या सॉल्व्हंटमध्ये करून बघा, तिथे काउंटरवर उभं राहून नाही. व्हायलवर नाव मार्करने लिहू नका, अ‍ॅसिटोनचा एक थेंब लागला की पुसतं, कागदी टेपवर पेन्सिलने लिहून वर पारदर्शक टेप लावा, आणि तोच कोड वहीत, फ्रीझरच्या स्टॉकवर आणि फॉर्मवर एकसारखा असू द्या.